रोपाने मान टाकली की लगेच पाणी ओतू नका: घरात लाइटखाली वाढवलेल्या मिरची-टोमॅटोच्या रोपांचं काय बिघडतं आणि ते कसं सावरायचं

रोपाने मान टाकली की आपला हात सगळ्यात आधी पाण्याच्या मगाकडे जातो, आणि माझ्या अनुभवात घरातली बरीचशी रोपं तिथेच मरतात. पाण्याने नाही सुधारलं तर मग खत, खताने नाही तर कुणीतरी सांगितलेलं ताक नाहीतर हळदीचं पाणी, आणि चार दिवसांत त्या इवल्याशा कपात इतकं काही ओतून झालेलं असतं की मूळ दुखणं काय होतं ते कुणालाच कळत नाही. म्हणून आधी बघायचं कसं ते सांगते, औषधं नंतर.

मी पुण्यात फ्लॅटमध्ये राहते, समोर बिल्डिंग आहे, गॅलरीत जेमतेम दीड तास ऊन येतं. त्यामुळे पुसा ज्वाला, कोल्हापूरची लवंगी, टोमॅटो आणि थोडी वांगी, ही सगळी रोपं मी आतल्या खोलीत स्टीलच्या रॅकवर एलईडी ट्यूबखाली करते आणि मोठी झाली की गच्चीवर नेते. मिरची, टोमॅटो, वांगं हे एकाच कुळातले भाऊबंद, त्यामुळे लहानपणीची दुखणीही जवळजवळ सारखीच. खाली जे लिहिलंय ते बी रुजल्यापासून पाच-सहा खरी पानं (बियातून निघणाऱ्या पहिल्या दोन गुळगुळीत पानांनंतरची) येईपर्यंतचं आहे.

रोप आजारी दिसलं की मी याच क्रमाने बघते: आधी कप उचलून वजन, मग खोड मातीला जिथे टेकतं ती जागा, मग पानाची खालची बाजू, आणि तरीही कळलं नाही तर एक रोप सरळ उपटून मुळं. हो, एक रोप जातं. पण त्या एका रोपाने बाकीची वीस वाचतात, त्यामुळे त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मी तर बी लावतानाच चार-पाच जास्तीचं लावते.

आधी कप उचला

पाणी जास्त झालं तरी रोप मान टाकतं आणि कमी झालं तरी मान टाकतं, फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून फोटो बघून कुणी सांगितलं की पाणी घाला तर लगेच ऐकू नका. कप उचलला आणि हलका फुलासारखा लागला, पानं कागदासारखी पातळ पडलीत, तर तहान आहे. पाणी दिलं की अशी रोपं तासा-दोन तासांत उभी राहतात. कप जड आहे आणि तरी पानं देठापासून खाली लोंबतायत, रंग फिकट पिवळट झालाय, वरच्या थरावर हिरवं शेवाळ धरलंय, तर मुळांना हवा मिळत नाहीये. मुळं श्वास घेतात, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा, रोपं मातीऐवजी यात करतात) सतत गच्च ओलं असलं की त्यातल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे रोप पाण्यात उभं राहून तहानलेलं असतं.

अंदाज येत नसेल तर किचनमधला वजनकाटा घ्या. भरपूर पाणी देऊन, पूर्ण निथळू देऊन कपाचं वजन करा, समजा १६० ग्रॅम भरलं, तर ते ९०-१०० वर येईपर्यंत पुन्हा पाणी द्यायचं नाही. आठवडाभर असं केलं की हाताला सवय होते, मग काटा लागत नाही. रोज सकाळी चमचाभर पाणी ही सगळ्यात वाईट पद्धत, वरचा थर कायम ओला आणि खालचा कधी कोरडा कधी चिखल. द्यायचं तेव्हा पोटभर, आणि मग थांबायचं.

जास्त पाण्यावर उपाय म्हणजे काही न करणं. कप ट्रेमधून बाहेर काढून ठेवा, तळाला भोकं आहेत का बघा (चहाच्या कागदी कपाला तळाला निदान तीन-चार भोकं हवीत, एक पुरत नाही), टेबलफॅन लांबून हळू लावा, आणि वजन उतरू द्या. चार-पाच दिवसांत नवीन पान हिरवं यायला लागलं तर रोप वाचलं. उपटून बघितलेल्या रोपाचं मूळ पांढरं, कडक असेल तर काळजी नाही. मूळ तपकिरी झालंय, बोटाने ओढलं की वरची साल निसटून आत नुसता दोरा उरतोय, आणि कोकोपीटला कुबट वास येतोय, तर ती मूळकूज आहे, तो कप माध्यमासकट, म्हणजे आतल्या कोकोपीटसकट टाकून द्या.

रात्रीत कोलमडलेली रोपं

हे सगळ्यात जिवाला लागणारं. संध्याकाळी टवटवीत होतं, सकाळी बघावं तर आडवं. जवळून बघा, मातीला लागून खोड ओलसर, पाणथळ होऊन दोऱ्यासारखं बारीक झालेलं असतं, वरची पानं मात्र अजून हिरवीच. हा मर रोग, शेतकरी रोपं कोलमडणं म्हणतात, आणि हे काम मातीतल्या बुरशींचं, पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजारियम अशी त्यांची नावं. कधीकधी तर बी वर यायच्या आतच कुजतं आणि आपण बी खराब निघालं म्हणून दुकानदाराला दोष देतो.

जे रोप पडलं ते गेलं, त्याला उभं करायला काडी लावून उपयोग नाही. धडपड शेजारच्यांसाठी करायची. पडलेलं रोप त्याच्या खळग्यातल्या कोकोपीटसकट चमच्याने काढा आणि घराबाहेर टाका, कंपोस्टच्या डब्यात नको. वरून पाणी एकदम बंद. झाकण किंवा प्लास्टिक असेल तर काढा, आणि फॅन लावा. धुऊन वाळवलेल्या जाड वाळूचा अर्धा सेंटीमीटर थर खोडाभोवती पसरा म्हणजे खोडाजवळची जागा कोरडी राहते. यापुढे पाणी खालून, म्हणजे ट्रेमध्ये ओतायचं, वीस मिनिटं शोषू द्यायचं, उरलेलं फेकायचं.

ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात कालवून रोपांच्या बुडाशी घालता येतं, पण हे कळून घ्या की ती चांगली बुरशी आहे, वाईट बुरशीची जागा अडवते, त्यामुळे तिचा खरा उपयोग बी लावतानाच माध्यमात मिसळली तर. आग लागल्यावर विहीर खणायला बसल्यासारखं नंतर घालून फार हाती लागत नाही. नर्सरीवाले कॉपर ऑक्सिक्लोराईड २.५ ते ३ ग्रॅम लिटरला करून बुडाशी ओततात, ते चालतंही, पण मी ज्या खोलीत घरचे वावरतात तिथे रासायनिक बुरशीनाशक वापरत नाही. तुम्हाला वापरायचंच असेल तर ग्लोव्ह्ज घालून, ट्रे गॅलरीत नेऊन, आणि ट्रायकोडर्मासोबत नाही, कारण बुरशीनाशक त्यालाही मारतं. दालचिनीची पूड भुरभुरवा असंही बरेच जण सांगतात. मी केलं होतं, रोपं वाचली, पण त्याच दिवशी पाणीही थांबवलं होतं आणि फॅनही लावला होता, त्यामुळे श्रेय मी दालचिनीला देत नाही.

खरी पानं दोन-तीन आली आणि खोड जरा निबर झालं की हा धोका बराच कमी होतो. म्हणजे काळजीचे दिवस पहिले दोन-तीन आठवडेच. त्या दिवसांत जुने कप वापरायचे असतील तर साबणाने धुऊन ब्लीचच्या पातळ पाण्यात (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) दहा मिनिटं बुडवून पुन्हा धुवा, आणि बागेतली माती घरातल्या रोपांना अजिबात नको.

कोकोपीट धुतलंय का?

याकडे कुणाचं लक्षच जात नाही. नारळ समुद्रकाठचा, काथ्या सोडवण्यासाठी सोडणं भिजवतात तेही बऱ्याच ठिकाणी खाऱ्या पाण्यात, त्यामुळे कोकोपीटच्या स्वस्त, दाबून केलेल्या विटेमध्ये मीठ भरपूर असतं. लक्षण असं की बी रुजतं, पहिली दोन पानं येतात, आणि मग रोप तिथेच थांबतं, पंधरा दिवस तेवढंच. पानांच्या कडा आणि टोकं तपकिरी करपतात. लोकांना वाटतं खत कमी पडलं, खत घालतात, म्हणजे मिठात अजून मीठ.

वीट भिजवून फुलली की बादलीत किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून भरपूर पाण्याने तीन-चार वेळा धुवा, निथळलेलं पाणी आधी चहासारखं लाल येतं मग फिकं होत जातं. रंग गेला म्हणजे मीठ गेलं असं मात्र नाही, म्हणून फिल्टरवाल्यांकडे असतो तसा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या, फार महाग नसतो. आधी नळाचं पाणी मोजा, मग कोकोपीटमधून निथळलेलं, दोन्हीतला फरक २०० च्या आत आला की ठीक. ज्याला नीट करायचंय त्याने शेवटी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात, १० लिटरला ३०-४० ग्रॅम, रात्रभर भिजवून पुन्हा एकदा धुवावं. कोकोपीट सोडियम आणि पोटॅशियम घट्ट धरून ठेवतं, नुसत्या पाण्याने ते सगळं सुटत नाही, कॅल्शियम त्यांना ढकलून त्यांची जागा घेतो.

रोपं आधीच लावून झालीत आणि आता करपतायत? तर कपाच्या तीनपट साधं पाणी हळूहळू वरून सोडा, पूर्ण निथळू द्या, आणि मग वजन उतरेपर्यंत हात लावू नका. बोअरचं पाणी वापरत असाल आणि कपाच्या कडेला पांढरी खपली धरत असेल तर दुखणं पाण्यातच आहे. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर उत्तम, नाहीतर आरओचं पाणी अर्धं-अर्धं मिसळून द्या. आरओने जे पाणी फेकलेलं असतं ते झाडांना घालतात काही जण, मोठ्या झाडांचं मी काही म्हणत नाही, पण रोपांना ते कधीच नको, सगळे क्षार त्यातच जमा झालेले असतात.

लांबुडकी, पडेल रोपं

खिडकीत ठेवलेली रोपं पांढुरक्या दोऱ्यासारखी वाढतात आणि काचेकडे झुकतात, ती उजेड शोधत असतात. आपल्या डोळ्याला खोली उजळ वाटते पण डोळा फसतो. मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं अ‍ॅप टाका, अगदी अचूक नसतं पण अंदाजाला पुरतं, आणि रोपाच्या उंचीवर मोजा. खिडकीपासून चार-पाच फुटांवर हजारभर लक्स निघतात, रोपांना निदान १० हजार तरी हवेत. त्यासाठी महागडे जांभळे लाइट नकोत, साधी २० वॅटची ६५०० केल्विनची (पांढऱ्या उजेडाची) एलईडी ट्यूब, दोन शेजारी शेजारी, रोपांच्या टोकापासून चार-सहा इंचावर, साखळीला अडकवलेली, म्हणजे रोपं वाढतील तशी वर घेता येते. दिवसाला १४ ते १६ तास. चोवीस तास लावू नका, टोमॅटोला सतत उजेड सोसत नाही, पानं चट्ट्यांनी पिवळी पडतात. टायमरचा प्लग लावून टाका आणि विसरा.

रोप आधीच लांबलं असेल तर टोमॅटोचं सोपं आहे, मोठ्या कपात किंवा कुंडीत बदली करताना पहिल्या दोन पानांपर्यंत खोड खोल गाडा, त्या खोडाला मुळं फुटतात आणि रोप उलट जास्त दणकट होतं. मिरचीला टोमॅटोइतकी मुळं खोडातून फुटत नाहीत, तिला थोडंच खोल घ्या आणि काडीचा आधार द्या. शिवाय रोज दोन-चार वेळा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवा, किंवा फॅन असा लावा की पानं जेमतेम हलतील. हलणारं खोड जाड होतं, म्हणूनच बाहेर वाऱ्यावरची रोपं ठेंगणी आणि मजबूत असतात.

उजेड जास्त झाला तर उलटं दिसतं, रोप बसकं, पानं कडेने वर वळलेली, वरच्या पानावर फिकट पांढरट डाग. लाइट दोन-तीन इंच वर घ्या, बस. मिरचीच्या पेऱ्यांवर जांभळी छटा येते ती बऱ्याच जातींत साधीच गोष्ट आहे, तिला रोग समजू नका. पण टोमॅटोचं पान खालून जांभळं झालंय आणि वाढ थांबलीय, तर डिसेंबर-जानेवारीत त्याचं कारण बहुतेक वेळा थंडी. थंड मुळं स्फुरद (फॉस्फरस) उचलू शकत नाहीत, स्फुरद तिथे असतं पण उपयोगाचं नसतं. ट्रे थंड फरशीवरून उचलून लाकडी फळीवर किंवा थर्माकोलवर ठेवा. मिरचीचं बी तर २५ ते ३० अंशाला आठ-दहा दिवसांत रुजतं आणि पुण्याच्या थंडीत तीन आठवडे तसंच पडून राहतं, मी ते रुजेपर्यंत वायफायच्या डब्याच्या बाजूला ठेवते, तिथे छान ऊब असते.

कोंब वर आला पण डोक्यावर बियाची टोपी अडकून पानं उघडेनात, हेही थंडीत आणि कोरड्यात होतं, किंवा बी फारच वर पेरलं तर. ओढू नका, मुंडकं तुटून येतं. टोपीवर पाण्याचा थेंब ठेवा, तासाभराने पुन्हा एक, मऊ झाली की टूथपिकने हळूच सोडवा. पुढच्या वेळी बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल.

पिवळेपणा आणि खत

सगळ्यात खालची ती दोन गुळगुळीत पानं, जी बियातूनच निघतात, ती महिन्याभरात पिवळी होऊन गळणारच, त्यांचं काम झालेलं असतं. खरी पानं खालून वर सावकाश पिवळी पडत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी आहे. कोकोपीटमध्ये खायला जवळजवळ काहीच नसतं, त्यामुळे खऱ्या पानांची पहिली जोडी पूर्ण उघडली की आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात, एवढंच सुरू करा. चार-पाच पानांवर एक ग्रॅम. चमच्याने अंदाजे घालू नका, इथेच चुकतं. नवीन शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाहीये, आणि ते बहुतेक वेळा पाणी किंवा माध्यम फार अल्कधर्मी झाल्यामुळे. पीएच (आम्लतेचं माप) ५.५ ते ६.५ च्या मध्ये आणला की बरंच आपोआप सुधारतं, त्यानंतरही राहिलं तर चिलेटेड लोह (मुळांना सहज उचलता येईल अशा रूपातलं) अगदी पातळ करून. पान एकदा करपलं की ते पुन्हा हिरवं होत नाही, सुधारणा झाली का हे नेहमी नव्या पानावर बघायचं.

चिलटं आणि आकसलेली पानं

कप हलवला की काळी बारीक चिलटं उडतात ना, ती स्वतः निरुपद्रवी, पण त्यांच्या अळ्या वरच्या इंचभर थरात राहतात आणि कोवळी मुळं खातात. पांढरट काचेसारखी अळी आणि डोकं काळं चकचकीत. खात्री करायची असेल तर बटाट्याची चकती कोकोपीटवर दोन-तीन दिवस ठेवा, उचलून खाली बघा, असतील तर तिथे जमलेल्या असतात. पिवळे चिकट सापळे लावा, पण त्यात फक्त उडणारी सापडतात, अळ्यांसाठी वरचा थर कोरडा पडू देणं हाच खरा उपाय. त्याने नाही आवरलं तर बीटीआय नावाचा जिवाणू मिळतो, डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तोच, तो पाण्यातून द्या. एक पिढी साधारण तीन-चार आठवड्यांची असते, म्हणून एकदा देऊन थांबू नका, महिनाभर चिकाटी हवी. आणि अर्धवट कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घरात आणू नका, ही चिलटं बहुतेक त्यातूनच येतात.

मिरचीचा चुरडामुरडा, म्हणजे पानं आकसून वळणं, तर सगळ्यांना माहितीये, पण पान कोणत्या बाजूला वळलंय ते बघितलं पाहिजे. कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिडे (थ्रिप्स). कडा खाली वळून उलटी होडी झाली, देठ लांबट झाले, तर कोळी (माइट ही सूक्ष्म कीड, भिंतीवरचा कोळी नव्हे). फुलकिडे बघायला रोप पांढऱ्या कागदावर हलकेच झटका, मिलिमीटरभर लांबीचे पिवळट किडे चालताना दिसतात. कोळी नुसत्या डोळ्याला दिसतच नाही, भिंग लागतं. दोन्हींसाठी मी कडुनिंबाचं तेल आधी २ मिली आणि दोन थेंब साबण एक लिटरला, लाइट बंद झाल्यावर, पानाच्या खालून मारते, आणि आधी एकाच रोपावर मारून दोन दिवस थांबते. कोळी हटला नाही तर पाण्यात विरघळणारं गंधक २ ग्रॅम लिटरला, पण तेल मारल्यानंतर निदान दोन आठवडे गंधक नाही, पानं भाजतात. आजारी रोप लगेच बाजूला, दुसऱ्या खोलीत, आणि त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुऊनच बाकीच्यांकडे जा.

पानं बारीक, पिवळी, शेंडा गुच्छासारखा आकसलेला आणि घरात पांढरी माशी दिसलेली असेल, तर तो विषाणू. त्याला औषध नाही. रोप पिशवीत बांधून टाका, मन मोठं करून ठेवून घेतलंत तर माशी तिथून बाकीच्यांना देणार.

बाहेर नेताना

टोमॅटो २५-३० दिवसांत आणि मिरची ३५-४५ दिवसांत हलवण्याजोगी होते, आणि दीड महिना जपलेलं रोप एका दुपारच्या उन्हात पांढरं पडताना मी बघितलंय. लाइटखालचं पान कोवळं असतं. पहिल्या दिवशी सकाळचं एक तास ऊन, मग रोज अर्धा-एक तास वाढवत आठ-दहा दिवस, आणि त्या दिवसांत पाणी थोडं ताणून. उचलताना पानाला धरा, खोडाला कधीच नाही, पान फाटलं तर नवं येतं, खोड चेमटलं तर संपलं. कुंडीत लावायची वेळ संध्याकाळची, आणि पुढचे तीन दिवस दुपारी वरून जुना पांढरा पंचा बांधून सावली.